हात मागे!

दारातच घोळ झाला. ती काखेत टेबलफॅन धरून आत शिरत होती, तो खुर्ची उचलून बाहेर पडत होता, आणि पंख्याच्या जाळीत त्याच्या एप्रनची नाडी अशी काही गुंतली की दोघांनाही हलता येईना.

"थांबा... ओढू नका," तो म्हणाला.

"मी कुठे ओढतेय? तुम्हीच ओढताय!"

"बरं बाई, मीच ओढतोय."

नाडी सुटेपर्यंत तिने त्याचे डोळे पाहून घेतले. हसरे होते. भुवईवर लाकडाचा भुसा होता, आणि तो झटकून टाकावा असं तिला उगाचच वाटलं.

ही कार्यशाळा वस्तीतल्या लोकांनीच मिळून उभी केलेली. एका कोपऱ्यात सुतारकाम, दुसऱ्यात शिलाई मशीनं, खिडकीपाशी विजेच्या वस्तू. शनिवारी कुणीही मोडकं काही घेऊन यावं. नियम मात्र एकच आणि कडक – ज्याची वस्तू, त्याचेच हात. शिकवणाऱ्याने बोटही लावायचं नाही. सुतारकाम शिकवणाऱ्या मावशींचं सगळ्या टेबलांवर बारीक लक्ष. कुणी शिकवता शिकवता पुढे सरसावलं, की तिथूनच आवाज यायचा, "हात मागे!"

खिडकीपाशी शिकवायला कोण? अर्थात, तोच एप्रनवाला.

"पंखा माझ्या बाबांचा," ती म्हणाली. "घरघर करतो म्हणून सगळे म्हणतात, फेकून द्या. पण त्या घरघरीशिवाय त्यांना झोपच येत नाही."

"म्हणजे चालू करायचा, पण घरघर ठेवायची? अवघड गिऱ्हाईक आहात."

त्याने हात पाठीमागे बांधले आणि वाकून सांगायला लागला. हा स्क्रू... नाही, त्याच्या शेजारचा. हळू. आता जाळी उचला. तो इतका जवळ वाकायचा की त्याचा श्वास तिच्या मनगटाला लागायचा, आणि हातातला स्क्रू हमखास टेबलाखाली पडायचा. मग दोघंही टेबलाखाली.

"आज फक्त तेल घालू," तो गंभीरपणे म्हणाला. "मुरायला आठवडा लागतो. पुढच्या शनिवारी या."

ती आली. पुढच्या शनिवारीही, त्याच्या पुढच्याही. शेवटी एकदाचा पंखा फिरला, घरघरला, तिच्या बटा उडाल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि या बाईसाहेबांचं तोंड एवढंसं! आता यायचं कशाला?

मग घरातली इस्त्री आली. टेबललॅम्प आला. बंद पडलेलं घड्याळ आलं. आई म्हणाली, "अगं, आता मोडकं असं या घरात फक्त माझं डोकं उरलंय. नेतेस का?"

खरंच काही उरलं नव्हतं. आणि तो तर काही बोलायचं नाव घेत नव्हता... हसायचा, दारापर्यंत सोडायला यायचा, आणि तिथूनच मागे वळायचा. त्या शनिवारी ती पुन्हा पंखाच घेऊन आली.

तिने जाळी उघडली. तो वाकला, आणि त्याचं हसू मावळलं.

"ही तार आपोआप सुटलेली नाही," तो हळूच म्हणाला. "कुणीतरी स्क्रू नीट फिरवून काढलीय."

तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. या खोलीत लोक जीव लावून मोडकं जोडत होते, आणि तिने चांगलं मोडून आणलं होतं. याच्या नजरेतून उतरले तर मग उरलं काय?

"मीच काढली," ती म्हणाली. "यायला दुसरं निमित्त नव्हतं म्हणून. झालं समाधान? जाते मी."

"आणि बाबांची झोप?"

"त्यांनीच तर बॅटरी धरली होती! म्हणाले, माझी झोप गेली खड्ड्यात, तू जा."

तो काही बोलणार, तेवढ्यात मावशी रंधा बाजूला ठेवून तरातरा आल्या.

"तिला कसला जाब विचारतोस रे, शहाण्या? तासाभराचं काम तू किती शनिवार पुरवलंस? मशीनचं तेल आठवडाभर मुरत ठेवतात? लोणचं आहे का ते?"

आता लाल व्हायची पाळी त्याची. ती बघतच राहिली.

"म्हणजे... तेल मुरत नाही?"

"नाही," तो मान खाली घालून म्हणाला. "लगेच चालतं. पण पंखा पहिल्याच दिवशी चालला असता तर तू परत आली नसतीस. आवडतेस मला. दारात नाडी अडकली, तेव्हापासून."

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. तिने तार उचलली, पण नजर सारखी त्याच्याकडेच वळत होती, आणि टोक जागेवर बसेचना. एकदा निसटली. दुसऱ्यांदाही. तेव्हा त्याचे पाठीमागचे हात सुटले, आणि एक हात हलकेच तिच्या हातावर आला. उबदार, खरखरीत, किंचित तेलकट.

"हात मागे!" मावशी ओरडल्या.

त्याने दचकून हात काढला. तिने तो पकडून पुन्हा होता तिथे ठेवला.

"मावशी, ज्याची वस्तू त्याचेच हात, हाच नियम ना?" ती म्हणाली. "मग हे आता माझेच आहेत."