बोट पाणी पितेय!

“ऐका! पुन्हा लागला!” काळजी ओरडली आणि तिने हातातला फासा तसाच खाली टाकला.

धक्क्याला बांधलेल्या पांढऱ्या बोटीच्या पोटातून घुर्रर्र आवाज आला, बाजूच्या भोकातून पाण्याची एक जाड चूळ बाहेर पडली आणि पुन्हा सगळं शांत झालं.

“पंप आहे तो,” वकीलबाई म्हणाली. “आत साचलेलं पाणी बाहेर फेकणं हेच त्याचं काम. तू फासा टाक बघू, तुझी पाळी आहे.”

“काल लुडोचा अख्खा डाव संपेपर्यंत एकदाच लागला होता. आज माझी एक सोंगटीसुद्धा घरात गेली नाही, आणि तो कितीदा लागला!”

“आल्या! काळजीवाहू सरकार आल्या!” उचापतीने दोन्ही हात जोडले. “अगं, तुझ्या सोंगट्या घरात जात नाहीत, त्याला पंप काय करणार?”

तिला घरात सगळे काळजीच म्हणायचे. उचापती तिचा धाकटा भाऊ. जिथे बोट घालू नये तिथे पूर्ण हात घालायचा. वकीलबाई ही मामाची मुलगी. भांडणात तिला हरवलेला माणूस अजून कुणी पाहिला नव्हता.

काळजीची आई शाळेची बस चालवायची. सुट्टी लागली की बस उभी आणि आई बसलेली. तिला बसून राहणं जमेना. लहानपण होडीत गेलेलं, बोट चालवायचा परवानाही होता. म्हणून यंदा तिने आणि मामाने मिळून एक जुनी बोट घेतली होती. हौशी लोकांना गळ टाकून मासे पकडायला खोल पाण्यात न्यायचं, दुपारी परत आणायचं. मामाचं केस कापायचं दुकान होतं. त्याच्या खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक मान हलवू शकत नसल्यामुळे बोटीची सगळी जाहिरात ऐकूनच उठायचं! उद्याची पहिलीवहिली सफर त्या खुर्चीतच ठरली होती. एक आजोबा, आजी आणि त्यांचे दोन जावई.

काळजी उठून बोटीवर चढली. मागच्या बाजूची एक फळी तिने उचलली. खाली काळपट पाणी हलत होतं.

“आईने काल बोट धुतली ना, त्याचंच असेल,” वकीलबाई वाकून म्हणाली.

“ती नळाच्या पाण्याने धुतली होती.”

उचापतीने बोट बुडवलं आणि चाटलं. त्याचं तोंड वाकडं झालं. “थू! खारट! एकदम खारट!”

खारट म्हणजे समुद्राचं. समुद्र आत येत होता!

“पण कुठून?” वकीलबाईने विचारलं. “खाली सगळं ओलंच आहे. कळणार कसं?”

“थांबा!” म्हणत उचापती धूम पळाला आणि मामाच्या दुकानातून पावडरचा डबा घेऊन आला. “मामा मानेवर पावडर टाकतो ना, तेव्हा कुठे घाम आहे ते लगेच कळतं. तिथे चिखल होतो!”

“छी!” वकीलबाई ओरडली. पण कल्पना झकास होती. तिघांनी मिळून पाणी उपसलं, स्पंजने तळ कोरडा केला आणि वर पावडर भुरभुरवली. पांढरास्वच्छ तळ! तिघं गुडघ्यांवर वाकून बघत बसले. आपलं चुकलं तर बरंच, असं काळजीला मनापासून वाटत होतं.

मग पांढऱ्या पावडरीत एक करडी रेघ उमटली. हळूहळू पुढे सरकत, लांब होत ती त्यांच्याकडे आली. तिघांच्या नजरा रेघेच्या दुसऱ्या टोकाकडे गेल्या. तिथे बोटीच्या तळाला भोक पाडून एक काळा गोल ठोकळा बसवलेला होता. पाण्यातले मासे पडद्यावर दाखवणाऱ्या नव्या यंत्राचा हा भाग. याच आठवड्यात मामाच्या दोस्ताने, म्हणजे मेकॅनिककाकांनी तो बसवून दिला होता.

तिघं पळत त्यांच्या वर्कशॉपमध्ये पोचले. मामाही तिथेच चहा पीत बसला होता.

“गळतंय?” मेकॅनिककाका खो खो हसले. “अगं बाळ, जुनी बोट थोडं पाणी पितेच. तहान लागते तिला! म्हणून तर पंप दिलाय.”

“पण काका, आम्ही पावडर टाकून...”

“पावडर! आता लिपस्टिकही लाव तिला!”

मामा हसला, पण त्याने काळजीला बाजूला घेतलं. “हे बघ, माझा मित्र एवढी वर्षं हेच काम करतोय. उगाच ताईच्या कानावर घालू नकोस हं. पहिली सफर आहे, आधीच तिला टेन्शन आलंय.”

परत येताना वकीलबाई गप्प होती. ती गप्प झाली की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

“इंजिन चालू असेल तोवर बॅटरी भरत राहते,” ती शेवटी म्हणाली. “पण गळ टाकून बसल्यावर इंजिन बंद करणार. तेव्हा पंप बॅटरी खात राहणार. बॅटरी संपली की पंप बंद.”

“मग इंजिन चालू करायचं,” उचापती म्हणाला.

“कशाने? इंजिन चालू व्हायलाही तीच बॅटरी लागते.”

काळजीच्या डोळ्यांसमोर भर समुद्रातली बोट आली. आई, दोन म्हातारी माणसं आणि घोट्यापर्यंत चढलेलं पाणी.

तिने आईला सांगायला हवं होतं. पण गेल्याच महिन्यात ‘जळका वास येतोय!’ म्हणून ओरडून तिने भर रस्त्यात आईची बस रिकामी करायला लावली होती. वास निघाला उचापतीच्या डब्यातल्या करपलेल्या टोस्टचा. सगळी मुलं शाळेत उशिरा पोचली आणि आईला मुख्याध्यापकांसमोर उभं राहावं लागलं. आई तिला रागावली नव्हती. त्यामुळेच ते जास्त लागलं होतं.

रात्री जेवताना तिने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा आईचा ताणलेला चेहरा बघून तोंडात घास घातला.

सकाळी धक्क्यावर पाहुणे हजर! आजोबांच्या डोक्यावर मोठी टोपी, आजींच्या हातात कोरा करकरीत गळ. जावई एकमेकांपासून लांब उभे होते. मेकॅनिककाका नवे बूट घालून आपली कामगिरी दाखवायला आले होते.

“आई, एक मिनिट...” काळजीने आईची बाही ओढली.

“आता नको गं! लाइफ जॅकेट वाटायचीत,” म्हणत आई पुढे गेली.

काळजीला रडू यायला लागलं. इतक्यात वकीलबाईने तिला डोळा मारला आणि मोठ्याने म्हणाली, “काका, या यंत्रासाठी बोटीला भोक पाडलंत, आणि तरी एक थेंबसुद्धा आत येत नाही ना?”

“थेंब? अगं, माझं काम आहे ते!” काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

“म्हणजे पंप बंद ठेवला तरी चालेल?”

“खुशाल बंद कर!”

काका बोलायचे थांबण्याआधीच उचापतीने बटण खाली केलं होतं.

“आता फोटो!” वकीलबाई ओरडली. “पहिल्या सफरीचा फोटो नको का? आजोबा, टोपी सरळ करा. आजी, गळ वर! दोन्ही जावई जवळ या... अजून जवळ... हसा की!”

पाहुणे धक्क्यावर आणि काका बोटीवर ऐटीत उभे. फोटोवर फोटो निघाले. टोपी घालून, टोपी काढून, टोपी आजींना घालून! काळजीची नजर मात्र बोटीच्या फळ्यांवरून हलत नव्हती. फटीतून काहीतरी चमकलं. मग फळीच्या कडेने पाणी वर आलं आणि हळूच नव्या बुटांपाशी पोचलं.

“काका,” ती कशीबशी म्हणाली, “तुमचे बूट.”

काकांनी खाली पाहिलं. आईनेही पाहिलं. ती एका उडीत बोटीत उतरली आणि तिने पंप चालू केला.

“काही नाही, काही नाही!” काकांचा चेहरा लाल झाला. “नट थोडा ढिला असेल. हे बघा, पक्का बसलाय!” त्यांनी फळी बाजूला केली आणि तो काळा ठोकळा धरून जोरात हलवला.

ठोकळा त्यांच्या हातातच आला!

पाण्याचा कारंजा उसळला. आजी किंचाळल्या. काका मागच्या मागे आपटले. काय झालं ते कुणाला कळायच्या आत काळजी बोटीत होती. तिने गुडघे टेकले आणि तळहात त्या भोकावर दाबून धरला. थंड पाणी बोटांच्या फटींतून जोर करत होतं. तिने दुसरा हातही त्यावर ठेवला आणि सगळा भार टाकला. कारंजा बसला.

“आई!” तिचा आवाज चिरकला. “मी धरलंय! पण किती वेळ...”

“हात काढू नकोस!” आईने इंजिन चालू केलं. “दोर सोडा!”

मामाने आणि उचापतीने दोर सोडले. बोट डावीकडे वळली. पाण्यात काळजीचे गुडघे बुडाले होते, हातांना मुंग्या आल्या होत्या, दात एकमेकांवर आपटत होते. धक्क्याशेजारी होड्या ओढून घ्यायचा उतार होता. आईने बोट सरळ त्याच्यावर घातली. खर्रर्र! तळ वाळूला लागला आणि बोट थांबली.

“सोड आता, बाळा. सोड.”

पण तिला हात सोडवेनात. आईने शेजारी बसून तिचं एकेक बोट हलकेच उचललं.

“तुला हे माहीत होतं?” आईने विचारलं.

“कालपासून. पण ती टोस्टची गोष्ट... मला वाटलं, तू ओरडशील.”

“ओरडले असते,” आई म्हणाली. “आणि मग येऊन बघितलंही असतं.” तिने काळजीचे गार हात आपल्या हातांत घेतले. “मला सांगत जा गं. दहादा चुकलीस तरी सांगत जा.”

मामा मान खाली घालून आला. “ताई, चूक माझी. हिने मला सांगितलं होतं. मीच हिला गप्प बसवलं.”

“आणि मी भोकात भरलेली पुट्टी वाळायच्या आत बोट पाण्यात सोडली,” मेकॅनिककाका पुटपुटले. त्यांच्या नव्या बुटांतून पाणी ठिबकत होतं. “घाई झाली. भोक मी बुजवून देतो, ताई.”

“बुजवा,” आई म्हणाली. “पण मी शेजारी उभी राहीन. आणि ही तिघंसुद्धा.”

तेवढ्यात आजोबा उतारावरून हळूहळू खाली आले. आता ते सफर रद्द करणार, म्हणून मामाने डोळेच मिटले.

“बोट कोरडी झाली की आम्हाला कळवा,” आजोबा म्हणाले. “एवढं डोळ्यांत तेल घालून बघणारी माणसं ज्या बोटीवर आहेत, तिच्यावर मी निर्धास्त बसेन. शाब्बास, पोरांनो!”

पुढच्याच आठवड्यात बोट खोल पाण्यात उभी होती. इंजिन बंद. फळ्यांखालचा तळ कोरडा ठणठणीत असल्याचं तिघांनी आळीपाळीने बघून घेतलं होतं. आजींच्या गळाची काठी अचानक वाकली. दोन्ही जावई एकदम मदतीला धावले आणि एकमेकांवर आपटले.

“काळजी! अगं, धर, धर!” आजी ओरडल्या.

काळजीने दोन्ही हातांनी काठी पकडली आणि पाण्यातून एक चंदेरी, तडफडणारा, चांगला हातभर मासा वर आला.

“धरून ठेवण्यात ती पटाईत आहे!” उचापती ओरडला, आणि सगळ्यांत मोठ्याने हसली ती आई.