न्यूट्रोफिल मोजणारी आणि किल्लीवाला

वळणावर दोघं धडकले, तेव्हा त्याने तिला नव्हे, तिच्या हातातला काचांचा ट्रे सावरला. ती फरशीवर आपटली आणि तिथेच—बसल्या बसल्या—प्रेमात पडली. ट्रेमध्ये उंदरांच्या हृदयांचे काप होते. ते वाचवणारा माणूस साधासुधा नसणार, अशी तिची खात्रीच पटली.

पंचाईत एवढीच, की तो ‘किल्लीवाला’ निघाला. कुठल्या काचेवरच्या हृदयाला औषध मिळालंय, ती यादी, म्हणजेच किल्ली, त्याच्याकडे. आणि काहीही न जाणता त्या कापांतल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या हिने. मोजणी संपेपर्यंत काचांविषयी चकार शब्द काढायचा नाही, असा प्रयोगशाळेचा नियम. काचांशिवाय दुसरा विषय सुचेना, म्हणून नुसत्या नजरेवर तीन महिने काढले बिचाऱ्यांनी.

मोजणी संपायला दोन दिवस उरले, आणि तिला राहवेना.

“बघा तरी!” सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता ती म्हणाली. “हृदयाला झटका आला, की आधी हे न्यूट्रोफिल धावत येतात. मेलेलं उपसतात, जाता जाता चांगल्याचीही नासधूस करतात—दांडगट मेले! मागोमाग मॅक्रोफेज. आधी झाडलोट करतात, मग निवळतात आणि जखम भरायला लागतात. त्यात कुणी अति करायला लागलं, तर आवरायला टी पेशी. एका हृदयासाठी केवढा हा गोतावळा!”

“तुम्ही सांगता ना, तेव्हा...” तो खांद्यामागून वाकला. “आणि या काचेत तर औषधाने कमालच—”

तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला.

“फोडलंत गुपित,” ती म्हणाली.

तीन महिन्यांची मेहनत! तिने हळूच दाराकडे पाहिलं. “कुणी ऐकलं नाही...”

“तुम्ही ऐकलंत ना,” तो म्हणाला, आणि पांढराफटक चेहरा घेऊन थेट प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेला.

तिचा जीव त्याच्यावर होताच. आता आदरही बसला. फार महाग पडला.

बाईंनी किल्ली काढून घेतली. नवे काप, नवे नंबर, मोजणी पहिल्यापासून. आणि या खेपेला मोजणारे दोन.

“रागवा तरी,” तो म्हणाला.

“रागावलेच आहे. बसा त्या स्टुलावर. दुसरे तुम्ही.”

“मला मोजता येत नाही हो.”

“शिकवीन.”

“पण—एकमेकांचे आकडे बघायचे नाहीत, असं बाईंनी बजावलंय.”

“मग आकडे नका बघू,” ती म्हणाली. “माझ्याकडे बघा.”