उलटी गुंडाळलेली टेप

पटत नसेल त्याने खुशाल वाचू नये. माझ्या सख्ख्या बहिणीच्या जिवावर बेतलं होतं, करमणूक म्हणून सांगत नाहीये.

रविवार. भर दुपारचे दोन. तीन मजली शाळा, सुट्टीमुळे रिकामी.

ताई आणि भावोजी खिडक्या धुवायची कामं घेतात. गाडीत पाण्याची टाकी, पंप आणि लांब पाइपाचं रीळ. पूर्वी शिडीवर ताई नसायची, भावोजींचे थोरले भाऊ असायचे. दादा.

मागच्या वर्षी रिळाची फिटिंग, म्हणजे पाइपाचा जोड, गळत होती. दादा म्हणाले, "आधी वॉशर बदल." भावोजी म्हणाले, "उद्या बघू, एवढ्याने काय होतंय!"

पाणी फरशीवरून शिडीखाली गेलं. शिडी सरकली. दादा गेले.

हे 'उद्या बघू' भावोजींनी फक्त माझ्यापाशी कबूल केलंय. ताईला पत्ता नाही.

तर त्या रविवारी ताई दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी, शिडीवर. आणि खाली...

टप्. टप्.

फिटिंग गळायला लागली.

"दोन मिनिटं वरच थांब गं!" असं ओरडून भावोजींनी पंप बंद केला. तिला तेव्हाच उतरवायचं ना! पण नाही. नवा वॉशर घातला, जोडाच्या आट्यांवर कोरी टेप गुंडाळली, पान्याने आवळलं. ठणठणीत कोरडं.

आणि मग...

टप्.

पुन्हा उघडलं. आतली टेप उलट्या दिशेने गुंडाळलेली!

तशी टेप आवळताना गोळा होते आणि पाणी गळतं. नवशिकाही ही चूक दुसऱ्यांदा करत नाही. करायचे एकटे दादा. डावखुरे होते, हात तसाच फिरायचा. भावोजी त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करायचे.

आता हसू कुठलं यायला!

पंप बंद होता. तरी पाणी वाहत होतं... चढाकडे... शिडीच्या दिशेने.

"उतर! आत्ताच्या आत्ता उतर!"

भावोजींनी धावत जाऊन शिडीला मिठी मारली. पलीकडून कोणीतरी शिडीला हिसडे देत होतं.

पलीकडे कोणीच नव्हतं.

फक्त... ओल्या फरशीवर दोन कोरडे ठसे. माणसाच्या पावलांएवढे.

ताईचे पाय जमिनीला लागले आणि शिडी भावोजींच्या हातातून निसटून धाडकन आपटली.

ताई पांढरीफटक पडली होती.

"अहो, दादा होते," ती म्हणाली. "वरून दिसले मला. वाटलं, शिडी धरायला आलेत. मी हसले हो त्यांच्याकडे बघून... आणि ते ओढायला लागले."

ते रीळ भंगारात गेलं. धंदाही बंद झाला.

पण ताई मध्येच, कपडे वाळत घालताना वगैरे, मला विचारते, "लेकीसारखं वागवायचे रे मला. मी त्यांचं काय वाकडं केलं होतं?"

भावोजी उठून दुसऱ्या खोलीत जातात.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहते. आणि मी बादलीतला पुढचा कपडा पिळायला घेतो.