तिचा वाटा

त्या शनिवारी दुपारी आम्ही तिघं सिंगापुरात, बुकित तिमाहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवत होतो. बाबांनी नेहमीप्रमाणे तळहातावर पाणी घेऊन ताटलीभोवती फिरवलं आणि भाताचे घास करून ट्रेच्या कडेला ठेवले. साळुंक्या टपूनच होत्या.

"तुमच्यामुळे इथल्या साळुंक्यांनी अंग धरलंय," आई म्हणाली. बाबांनी आणखी एक घास ठेवला. घरी जाताना पडवळ कोवळं की जून यावरून दोघांचं जरा वाजलं.

रविवारी सकाळी आई बाथरूममध्ये पडली. नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये ती शुद्धीवर आलीच नाही.

बाबा बँकेतून निवृत्त झाल्यापासून दोघं माझ्याकडे असायचे. आई गेल्यावर बाबांनी बोलणं सोडलं, मग जेवण. औषधांनी फक्त झोप वाढली. पाया लेबारच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी गार्गी घटस्फोटानंतर पेरूला जाऊन आली होती. तिथे जंगलातल्या एका वेलीचा काढा पिऊन तिचं दुःख हलकं झालं होतं. मी सापडतील ते शोधनिबंध वाचले, बाबांच्या डॉक्टरांशी बोलले, वाद घातला, शेवटी रजा काढून बाबांना पेरूला नेलं. बाबा वाळत चालले होते आणि माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

गार्गी गेली होती त्या उपचार केंद्रातली गवताने शाकारलेली गोल झोपडी धुराने आणि ओल्या सालीच्या वासाने भरली होती. मी काढा घेतला नाही. मी सिंगापूरची पीआर, म्हणजे कायमची रहिवासी, आणि सिंगापूरचा अमली पदार्थांचा कायदा पीआर माणसाच्या मागोमाग पेरूपर्यंत येतो; बाबा नुसते पाहुणे, त्यांना तो लागू नव्हता. मी भिंतीशी बसून नुसती बघत होते. उपचार करणाऱ्या बाईने बाबांच्या हातात पेला दिला. बाबांनी पेल्याभोवती पाणी फिरवलं, थोडा काढा शेजारच्या मातीवर सांडला आणि मग उरलेला प्यायले.

बाईचं गाणं थांबलं. ती त्या ओल्या मातीकडे बघत राहिली. मग केंद्राच्या दुभाष्याला काहीतरी म्हणाली, पण त्याने ते मला सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, आता उशीर झालाय.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःहून फळं मागून घेतली. मातीवर का सांडलंत, असं मी विचारलं. कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला.

"तिच्या वाट्याचं होतं."

सिंगापूरला परतल्यावर बाबा सुधारतच गेले. जेवायला लागले, फिरायला लागले, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांशी हसायला लागले. डॉक्टर म्हणाल्या, तुमच्यापेक्षा तेच ठणठणीत आहेत. मी गार्गीला जेवायला घेऊन गेले.

पहिल्यांदा लक्षात आलं ते ताटाशी. बाबा थेट जेवायला लागले होते. पाणी नाही, बाजूला घास नाहीत. माणूस बदलतो.

मग एकदा ऑफिसातून आले तर घरभर गोड्या मसाल्याचा वास होता. साधा चहासुद्धा कधी न केलेले बाबा आमटीला फोडणी देत होते. गूळ तळहातावर ठेवून अंदाज घेतला, थोडा परत डब्यात टाकला. आमटी थेट आईची झाली होती. मी दोनदा वाढून घेतली आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले. सुखानेच, असं तेव्हा वाटलं.

हळूहळू ते खुर्ची सोडून जमिनीवर बसायला लागले, एक गुडघा उभा धरून. मी शिंकले की मानेला उलटा हात लावून ताप बघायचे. पुण्याच्या मनोहरकाकांचा, म्हणजे बाबांच्या सख्ख्या भावाचा, फोन आला की अदबीने "अहो भाऊजी" म्हणायचे. काकांना आधी ती थट्टा वाटली. नंतर त्यांनी फोन करणं थांबवलं.

मी डॉक्टरांना पुन्हा भेटले. दुःखात माणूस गेलेल्याच्या सवयी उचलतो, असं त्या म्हणाल्या. ते मीही वाचलं होतं.

परवा रविवारी दुपारी मी टेबलाशी आले तेव्हा तीन पानं वाढलेली होती. एक माझं, एक त्यांचं. तिसऱ्या पानावर झाकण होतं.

"हे कुणाचं?"

"तुझ्या बाबांचं. गार होतंय बघ."

बाहेर कोंडो सोसायटीच्या तरणतलावात मुलं ओरडत होती. मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

"बाबा कुठे आहेत?"

त्यांनी पदर सावरावा तसा खांद्यावरून हात फिरवला. डोळ्यांत काळजी होती. ती काळजी मी ओळखत होते.

"तिकडे जंगलातच राहिले गं. झाडाखाली बसले होते. निघताना किती हाका मारल्या. मान वर केली, पण ओळखलं नाही."

बोलताना त्यांनी माझ्या आमटीत तूप सोडलं, माझ्या आवडीपेक्षा जरा जास्त. मला ते थांबवता आलं नाही. तूप पसरून कडेला लागेपर्यंत मी बघत राहिले.

मग मी म्हणाले, "आई, मला बाबा हवेत."