राजिवड्याचा जावई

दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले, उमेरच्या खांद्यावर हात ठेवला आणि नुसती मान हलवली. २००७ सालचा जानेवारी होता, सकाळची वेळ. नसीमा आठवडाभर काविळीने पडून होती. उमेर तिथून चालतच राजिवड्याकडे उतरला. गनीचाचांना, म्हणजे तिच्या वडलांना, ती गेली हे कसं सांगायचं ते वाटेत जुळवत होता.

मोहल्ल्यात आला आणि थांबला. खाडी भरली होती, दिवस ऐन मासेमारीचे होते, पण एकही होडी सुटली नव्हती. सगळ्या काठाला उभ्या, जाळी आत तशीच पडलेली, आणि माणसं धक्क्यावर गप्प बसलेली. बातमी त्याच्या आधी पोचली होती. एका पोरीसाठी एवढी खाडी थांबते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तसं पाहिलं तर या काठाने त्याला पहिल्या दिवसापासून थक्कच केलं होतं.

तो मूळचा मंडणगडचा, डोंगरातला. १९९८ मध्ये बी.कॉम.साठी रत्नागिरीत आला आणि राजिवड्यात लांबच्या नात्यातल्या मावशीच्या, खालाच्या, माडीवर राहिला. पहिल्याच दुपारी तो खाडीच्या पायऱ्यांवर गेला. चपला खालच्या पायरीवर काढल्या आणि वर येऊन बसला. समोर काजळी नदी समुद्राला मिळत होती. त्याच्या गावची नदी उन्हाळ्यात उडी मारून ओलांडता यायची. ही... हिचा पलीकडचा काठ बघायला डोळे बारीक करावे लागत होते. तो बघतच राहिला. भानावर आला तेव्हा खालच्या तीन-चार पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या आणि चपला गायब.

“ही तुमची काय हो?”

एक होडी काठाला येत होती. वल्ह्याच्या टोकावर त्याची एक चप्पल लटकत होती, आणि वल्हं धरलेली मुलगी हसू दाबत होती.

“माझीच,” उमेर म्हणाला. “दुसरी?”

“दुसरी खाडीत वर वाहत गेली असेल. आता पार आत.”

“पाणी वर कसं आलं पण? मी तर...”

“भरती म्हणतात त्याला,” ती म्हणाली. “रोज येते. तुमच्या गावात नाय येत?”

“आमच्या गावात पाणी एकाच बाजूला जातं.”

यावर मात्र तिला हसू आवरलं नाही. होडीत मागे बसलेले गनीचाचा मिशीतही हसले नाहीत. ते म्हणाले, “नसीमा, चप्पल दे त्याची. आणि तू रे पोरा, चढावर बसत जा.”

नसीमा खालाच्या शेजारचीच निघाली. ती बी.ए.ला होती, त्याच्याच कॉलेजात. कॉलेजच्या वाटेवर ती मैत्रिणींसोबत पुढे आणि उमेर दहा पावलं मागे. बोलणं व्हायचं ते संध्याकाळी. ती अंगणातल्या मांडवावर सुकट उलथायला यायची आणि तो माडीच्या खिडकीत पुस्तक घेऊन बसायचा.

“पान उलट की. मघापासून तेच आहे.”

“तुला इथून... दिसतं?”

“मला सगळं दिसतं.”

तिने त्याला मोहल्ला शिकवला. पापलेट ताजं आहे का ते कसं बघायचं, लिलावात बायका नुसत्या भुवईने भाव कसा चढवतात, कुठल्या होडीचं इंजिन कसं खोकतं. पहाटे धक्क्यावर एवढा गलका असायचा, की उमेरला वाटायचं भांडण पेटलं. आणि मग त्याच माणसांपैकी कुणीतरी अनोळखी म्हातारीच्या टोपलीत मूठभर कोळंबी फुकट टाकून पुढे जायचं. तो उभा राहून बघायचा.

“तोंड मिट,” नसीमा हळूच म्हणायची. “माशी जाईल.”

मे महिन्यात होड्या वर ओढायच्या. पावसाळ्यात त्या पाण्यात ठेवता येत नाहीत. खाली ओंडके, पुढे जाड दोर, आणि दोराला सगळा मोहल्ला. शिंपी, मास्तर, दुबईहून सुट्टीवर आलेले, कुणी मागे राहायचं नाही. पहिल्या मे महिन्यात उमेरच्या तळहाताची सालं निघाली. नसीमाने सरबताचा पेला देताना त्याचे हात पाहिले.

“दुखतंय?”

“नाही.”

“खोटारडा,” ती म्हणाली. पेला त्याच्या हातात देताना तिची बोटं जरा जास्तच थांबली. त्या दिवसापासून तिच्याशी लग्न करायचं हे उमेरने मनाशी ठरवून टाकलं. बोलायला मात्र त्याला शेवटचं वर्ष लागलं. एका संध्याकाळी सुकटीच्या वासात, खिडकीतून, अडखळत तो म्हणाला, “नसीमा... मी खालाला तुमच्याकडे पाठवू?”

तिने मांडवावरची उरलेली सुकट उलथली. मग खाली बघूनच म्हणाली, “लवकर पाठव. दोहाला नोकरी करणाऱ्याचं एक स्थळ आलंय. अब्बांनी अजून ‘नको’ म्हटलेलं नाय.”

खाला गेली. गनीचाचांनी चहा पाजला आणि एवढंच म्हणाले, “होडी वर येऊ दे. मग बोलतो.”

तो २००१ चा मे. परीक्षा संपली होती, उमेरची ट्रंक भरलेली होती. होडी ओढायच्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी काठावर गेला. आज चाचांना आपली ताकद दिसायलाच हवी. दोराच्या पुढच्या टोकाला त्याने हात घातला, पाय रोवले. मागे माणसं लागली. “हैस्सा” म्हणणार तोच गनीचाचा पुढे आले आणि त्यांनी उमेरच्या मुठीतून दोर काढून घेतला.

“तू सोड. बाजूला हो.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. उमेरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढ्या माणसांत! त्याने हात झटकले, कुणाकडे न बघता माडीवर गेला आणि ट्रंक उचलून स्टँडच्या वाटेला लागला.

मशिदीच्या वळणावर मागून चपलांचा आवाज आला. नसीमा धावत येत होती, हातात सरबताचा रिकामा जग.

“कुठं निघालास?”

“मंडणगडला.” उमेरने ट्रंक खाली ठेवली. “तुझ्या अब्बांनी उत्तर दिलं.”

“काय दिलं?”

“बघितलं नाहीस? दोर काढून घेतला. सगळ्यांदेखत. मी त्यांच्या होडीला हातसुद्धा लावायचा नाही.”

नसीमाने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं, तरी हसू बाहेर आलंच. हसता हसता ती त्याच्या ट्रंकेवरच बसली.

“हसतेस काय?”

“अरे खुळ्या... आमच्यात जावयाला होडी ओढायला लावत नाहीत! जावई दोराला लागला तर सासऱ्याची लाज जाते. आता सगळ्या मोहल्ल्याला कळलं. तुलाच तेवढं नाय कळलं.”

“मग... तोंडाने सांगायचं ना त्यांनी!”

“बोललेत की. ‘तू सोड, बाजूला हो.’ अब्बा वर्षभरात याहून जास्त बोलत नाहीत.”

“आणि दोहाचं स्थळ?”

“तो सुट्टीवर आलाय,” नसीमा डोळे पुसत म्हणाली. “दोराला लावलाय त्याला. मागच्या टोकाला.”

खालून आरोळी उठली. दोघांनी वळून पाहिलं. शंभर माणसं मागे रेलली होती, आणि ती एवढी थोरली होडी चिखलातून सुटून वर सरकत होती, घरांकडे, त्यांच्याकडे. त्या गर्दीतल्या प्रत्येकाने उमेरचं लग्न ठरल्याचं त्याच्याआधी ऐकलं होतं.

“चल,” नसीमा म्हणाली. “ट्रंक उचल. ही मात्र जावयालाच उचलावी लागते.”

त्या वर्षीची थंडी सरायच्या आत त्यांचा निकाह झाला. उमेरला पतसंस्थेत नोकरी लागली आणि दोघं खालाच्याच माडीवर राहिली. एकदा आरे-वारेच्या किनाऱ्यावरून परतताना नसीमाने विचारलं, “आपली काजळी सुरू कुठं होते रे?”

“वर. साखरप्याकडच्या डोंगरात. तिथं ती तुझ्या ओंजळीत मावेल.”

“ही? ओंजळीत?” तिने खाडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. नेहमी तो बघत राहायचा, त्या दिवशी ती राहिली. “खोटारडा. दाखव मला.”

“दाखवतो.”

एका वर्षी चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. पुढच्या वर्षी पुराने रस्ता गेला. मग तिला आधी बायकांचा जाळी विणायचा गट सुरू करायचा होता. नदी कुठे जात नाही, असं दोघंही म्हणायची.

साखरप्याला रत्नागिरीहून रोज एसटी जाते. उमेरने नसीमाला काजळीचा उगम दाखवलेला नाही. त्याने स्वतःही तो अजून पाहिलेला नाही.