उलटा चिमटा

"पोरी, सायकल जोडलीस की आधी आपण बसायचं... मग गिऱ्हाइकाला बसवायचं!"

मामाचा तो आवाज चिमणीच्या कानांत अजून तसाच होता. पाना धरायला ती मामाकडेच शिकली. आता मात्र ती एका मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत सायकली जोडायची, आणि इथे बसून बघायला कुणाला सवड नव्हती. भिंतीवर फळा होता. कुणी किती जोडल्या ते मॅनेजरसाहेब त्यावर लिहायचे. ज्याचं नाव तळाला, त्याचा सगळ्यांसमोर उद्धार! चाचणीची फेरी तर त्यांनी केव्हाच बंद केली होती. "चकाचक दिसली की झालं," म्हणायचे.

त्या दुपारी मागच्या दाराशी एक उंच तरुण येऊन उभा राहिला. गळ्यात मोजपट्टी, हातात निळी सायकल, कोपर खरचटलेलं.

"तुमच्या सायकलचं माझ्याशी काहीतरी वाकडं आहे," तो म्हणाला. "वळवायला गेलो की चाक पायात येतं."

चिमणीने वाकून पाहिलं. पुढचं चाक धरणारा चिमटा उलटा! खोक्यात तो मागे फिरवून ठेवलेला असतो. जोडताना आधी सरळ करायचा, मग आवळायचा. आणि ब्रेकच्या तारेला असा दुहेरी वळसा देणारं इथे तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

'मी नाही जोडली' हे शब्द ओठांपर्यंत आले... तिने ते गिळले.

"माझीच चूक आहे. घाईत तसाच आवळला. तुम्हाला फार लागलं का हो?"

भांडायच्या तयारीने आलेला तो एकदम विरघळला. "मी शिंपी आहे. घाईत मीही एकदा बाही उलटी लावलीये. नवरदेवाच्या कोटाला!"

"अगं बाई! मग?"

"मग काय... सगळ्या फोटोंत नवरदेव कुणालातरी टाटा करतोय."

ती खुदकन हसली. चिमटा सरळ केला, आणि साहेब नाहीत असं पाहून स्वतः सायकलवर बसली. अंगणभर एक गिरकी... वाऱ्यावर वेणी... ओठांवर कितीतरी दिवसांनी आलेलं गाणं.

"घ्या. आता बसा."

"आता नको वाटतं."

"का?"

"तुम्ही उतरलात ना... तिची शोभाच गेली."

चिमणी स्वच्छ पाना पुन्हा पुसत बसली.

मग त्याच्या सायकलला रोज नवं दुखणं होऊ लागलं. कधी घंटी रुसायची, कधी सीट. चिमणी तपासायची आणि म्हणायची, "हिला काही झालेलं नाही. मालकाचंच काहीतरी सैल झालंय."

"आवळता येईल?"

"बघू..."

पण इकडे ती प्रत्येक सायकल फिरवून पाहू लागली होती, आणि तिचं नाव फळ्याच्या तळाला गेलं होतं. सेलच्या आदल्या दिवशी साहेबांनी सुनावलं, "उद्या एक जरी फेरी मारलीत, तर परवापासून येऊ नका!"

ही नोकरी गेली, तर बाईच्या हाती पाना देणारं दुसरं दार त्या शहरात नव्हतं.

सकाळी मागच्या अंगणापर्यंत गर्दी लोटली. चिमणीने पहिली सायकल जोडली, क्षणभर डोळे मिटले... आणि वर बसली.

"उतरा खाली!" साहेब गरजले.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "न बसता दिलेल्या सायकलवरून एक माणूस पडलाय. आता मी तशी देणार नाही."

रांगेतल्या एका आईने लेकीचा हात घट्ट धरला. "म्हणजे बाकीच्या कुणी तपासल्याच नाहीत? आम्हाला या ताईंनी फिरवलेलीच हवी. थांबतो आम्ही!"

"आम्हीपण!" मागून आवाज उठले.

तेवढ्यात कोपऱ्यातले काका उठले. इतकी वर्षं मान खाली घालून जोडणारे काका! त्यांनी बाह्या वर सारल्या आणि सायकलवर टांग मारली. त्यांच्यामागे दुसरा, तिसरी... अंगणात नुसत्या घंट्यांची किणकिण. जोडणाऱ्यांच्या माना आज ताठ होत्या. रांग मात्र तुटेना, वाढतच चालली.

साहेबांनी रांगेकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच्याच बाहीने फळा पुसला.

"फिरवा... पण भराभर फिरवा!"

"भराभर नाही साहेब," काका सायकलवरूनच ओरडले, "नीट!"

साहेबांनाही हसू आवरलं नाही.

रांगेच्या शेवटी शिंपी उभा होता. "एक सायकल द्या."

"आहे की तुमची!"

"दुहेरी धाग्याची शिवण पक्की असते, म्हणून..."

"सरळ सांगा ना."

त्याचे कान लाल झाले. "तुमच्यासाठी घेतोय. माझ्याबरोबर... जन्मभर फिराल?"

चिमणीचे डोळे भरून आले. "आधी तुमच्या आईंना भेटू दे. रविवारी सकाळी येते. शब्द देते."

रविवारी घर अजून झोपेत होतं. नखांतलं थोडं काळं ग्रीस निघालं नाही. तिने ते राहू दिलं. देवाला हात जोडले, अलगद कडी काढली. साखळी वाजून कुणाची झोप मोडू नये म्हणून त्याने घेतलेली नवी सायकल उचलूनच ती पायऱ्या उतरली, आणि शिंप्याच्या गल्लीच्या दिशेने हलकेच पायडल मारलं.