पेढ्याचा मंगळवार

"दुखतं तिथे शेवटी जायचं. आधी बाकी सगळीकडे हात फिरवायचा... हा हात घाईचा नाही, हे त्याला कळू द्यायचं."

सकाळी तुळशीला पाणी घालून मी पेढ्याच्या गोधडीशी बसते, तेव्हा रोज हा आवाज कानाशी येतो. आधी कान, मग मान, मग पाठ... आणि अगदी शेवटी ते मागचे दोन दुखरे पाय.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो लखनऊमधल्या अलीगंजच्या हनुमान मंदिरापाशी, पौषातल्या एका मंगळवारी. दिल्लीच्या एशियाडला वर्ष झालं होतं. धुकं असं दाटलेलं, की देवळाचा कळस कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं. पायऱ्यांशी आमचा कुत्रा, पेढ्या, बसला होता. रंग पेढ्याचाच, म्हणून नावही तेच. गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर शेंदराचा टिळा. महानगर मोहल्ल्यातल्या आमच्या शेजारच्या शुक्लाचाचींनी हौसेने नटवलेला. येणारे-जाणारे त्याला हात जोडत होते.

"मंगल का ब्रत रखता है," चाची प्रत्येकाला सांगत होत्या. "मुँह में दाना नहीं लेता. पिछले जनम का कोई महात्मा है, महात्मा!"

माझा ऊर भरून आला होता, हे खरं.

"ही माळ कुणी घातली याला?"

मराठी! मी वळून पाहिलं. लष्करी हिरवी जर्सी, गळ्यात राखाडी मफलर, हातात प्रसादाच्या बुंदीचा द्रोण. उंच, सावळा, आणि कपाळावर माझ्यासारखाच शेंदूर.

"मी मराठी, हे तुम्हाला कसं कळलं?"

"आत्ताच तुम्ही त्याला 'बस रे माझ्या राजा' म्हणालात. लखनऊची माणसं कुत्र्यालाही 'आप' म्हणतात."

हसू आलं ते मी पदरात लपवलं. त्याने द्रोण पुढे करायच्या आत मी म्हटलं, "त्याला नका देऊ... आज उपास आहे त्याचा."

"कुणी सांगितलं?"

"त्यानेच. दर मंगळवारी जेवत नाही तो."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी जरा कमीच. पारण्याला एकदम का कुणी पोटभर खातं?"

तो हसला नाही. पेढ्यापासून थोडं दूर, अंगाची एक बाजू त्याच्याकडे करून उकिडवा बसला. डोळ्याला डोळा दिला नाही. मूठ मिटून खालूनच पुढे केली. पेढ्याने हुंगली, आणि शेपूट एकदाच हलवली.

"इथे कसा येतो हा?"

"चालत. महानगरहून. आमचा दोघांचा नवस आहे."

"हं..." तो पेढ्याच्या मागच्या पायांकडे बघत राहिला. मग आवाज खाली आणला, चाचींना ऐकू जाऊ नये म्हणून. "एवढ्या थंडीत धापा टाकतोय, बघा. बसलाय ते एकाच कुशीवर, पाय बाहेर टाकून. मांडीवरची तीच जागा मघापासून चाटतोय, तिथले केस विरळ झालेत. तो उपास करत नाहीये हो... त्याला दुखतंय. इथवर चाललं की जास्त दुखतं, म्हणून मंगळवारी त्याला जेवण जात नाही."

धुक्यातून घंटा वाजत होती. माझ्या कानात मात्र काहीच शिरेना. दर मंगळवारी मी ज्याला नमस्कार करत होते, ते त्याचं दुखणं होतं?

मी खाली वाकून त्याला कवटाळायला गेले.

"थांबा... मिठी नको!"

उशीर झाला होता. पेढ्या गुरगुरला, आणि माझ्या मनगटाशी त्याचे दात हवेतच वाजले. माझा पेढ्या! पिठाची गोळी हातातून घ्यायची तरी ओठांनी घेणारा!

"रागावला नाही तो. भ्यायला. दुखणारा जीव आपल्या माणसालाही चावतो, त्यात त्याचा दोष नसतो." त्याने मला मागे बसवलं. पेढ्याची धाप बसेपर्यंत वाट पाहिली. मग मफलर सोडून त्याच्या तोंडाभोवती सैलसा वेढा घातला. "पुन्हा धाप लागली, उलटीसारखं केलं, की आधी हे सोडायचं. आता बघा... दुखतं तिथे शेवटी जायचं..."

तो हात कानांवरून निघाला, पाठीवरून सरकत गेला. कमरेच्या खाली टेकला मात्र, पेढ्याचं सगळं अंग लाकडासारखं झालं. कान मागे, डोळे मोठे. पण आवाज नाही.

"मग हा ओरडत का नाही?" मी विचारलं.

"ओरडणारे थोडे असतात. बाकीचे लपवतात." त्याची नजर माझ्या अनवाणी पायांवर गेली. "तुमचाही डावा पाय मघापासून जमिनीला नीट टेकत नाहीये."

"मला काही नाही झालं."

"तोही हेच म्हणतोय," तो म्हणाला.

त्याचं नाव कॅप्टन हेमचंद्र धुमाळ. साताऱ्याचा. छावणीत घोड्या-कुत्र्यांचा डॉक्टर. माझ्या शालीची झोळी करून आम्ही पेढ्याला सायकलरिक्षात ठेवलं. घरी आल्यावर मी तळवा पाहिला. काचेचा बारीक तुकडा रुतला होता. आईने सुईने काढला आणि म्हणाली, "विनू, अगं बोलावं गं माणसाने."

*

जनावरांच्या दवाखान्यात एक्स-रे झाला. खुब्याचे सांधे झिजले होते. बरे होणारे नव्हते.

"पण दुखणं कमी ठेवता येतं," डॉक्टर धुमाळ म्हणाले. "सुखाने जगेल तो. तुम्ही डोळे उघडे ठेवायचे, बस."

मग ते छावणीहून स्कूटरने येऊ लागले. पेढ्याला बघायला. आधी अधूनमधून, मग जरा जास्तच अधूनमधून.

गुळगुळीत फरशीवर पेढ्याचे पाय सरकतात, म्हणून आम्ही दारापासून ताटलीपर्यंत जुन्या सतरंज्या अंथरल्या. फिरणं थोडं थोडं, पण रोज. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळायची, आधी आपल्या मनगटाला लावून बघायची. गोळी त्यांनी पेढ्याचं वजन करून लिहून दिलेली, तीच आणि तेवढीच, जेवण झाल्यावर. उलटी झाली, शौचाला काळं झालं, खाणं सुटलं, तर गोळी बंद आणि लगेच डॉक्टर. आणि शुक्लाचाचींच्या तुपातल्या जिलेब्याही बंद, कारण वजन वाढलं की सांध्यांवर भार.

"जलेबी भी नहीं?" चाचींनी विचारलं. "कैसे डाक्टर हैं आप, बेटा!"

"आपकी तरफ से मैं खा लूँगा, चाची," ते म्हणाले. आणि खाल्लीही.

मी शाळेत संस्कृत शिकवते. वर्गातही माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नाही. डॉक्टर एकदा म्हणाले, "तुम्ही इतकं हळू बोलता, की मला खुर्ची जवळ ओढावी लागते."

"मग मोठ्याने बोलू?"

"मी तक्रार केली का?"

मी पेढ्याचे कान कुरवाळत बसले. माझे कान मात्र तापले होते.

त्या हिवाळ्यात त्यांनी मला सगळं विचारलं. शाळेबद्दल, लहानपणीच्या वाईबद्दल, बाजरीची भाकरी इथल्या पिठाची नीट का होत नाही त्याबद्दल. नवसाबद्दल मात्र नाही. मफलर मी धुऊन, घडी करून कपाटात ठेवला होता. त्यांनी मागितला नाही, मी दिला नाही.

एका दुपारी थंडीची लाट आली. पेढ्या उठेना. कण्हत होता. डॉक्टरांना फोन लावला, ते छावणीतल्या घोड्यांकडे गेले होते. निरोप ठेवला. बाबांना बघवेना. बाबा, म्हणजे डॉक्टर रमाकांत खाडिलकर, गोमतीकाठच्या औषध-संशोधन संस्थेतले. उभा जन्म औषधांच्या मात्रा ठरवण्यात गेलेला. त्यांनी कागदावर हिशोब मांडला, आपल्या गुडघेदुखीची गोळी अर्धी केली आणि पेढ्याच्या पोटात दडवून... खऱ्या पेढ्याच्या... घेऊन आले.

"वजनाच्या प्रमाणात काढलीय. अर्धीने काही होत नाही."

"नाही, बाबा."

"अगं, मी काय नवखा आहे?"

"नाही म्हटलं ना!"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. माझा एवढा आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता. मी बाबांचा हात धरला होता.

"डॉक्टर म्हणालेत, माणसाची गोळी कुत्र्याला जाळते आतून. पोट, मूत्रपिंड... आणि त्याची एक गोळी सकाळीच झालीय. दोन एकत्र गेल्या तर?"

बाबा हातातल्या पेढ्याकडे बघत राहिले. "हं... प्रश्न वजनाचा नाही. त्याचं शरीर ते पचवणार कसं, हा आहे." मग हळूच, "बरं झालं अडवलंस, विनू." आणि गोळी काढून टाकून त्यांनी पेढा स्वतः खाल्ला.

मी पिशवी गरम केली. बसले. कान, मान, पाठ... हलक्या हाताने, कुठेही दाब न देता. पेढ्याचा श्वास हळूहळू लांब होत गेला. डॉक्टर आले तेव्हा तो माझ्या मांडीला नाक लावून झोपला होता. त्यांनी त्याला तपासलं, सगळं ऐकलं.

"तुम्ही ओरडलात?"

"हो."

"आणि मी नव्हतो ऐकायला," ते म्हणाले. चेहरा अगदी गंभीर. डोळे मात्र...

*

देवळातल्या त्या मंगळवारपासून पेढ्या घरीच होता. मीही मंगळवारी गेले नव्हते. पायाची जखम, शाळेची परीक्षा, असं काहीबाही आईला सांगत होते. माझा मंगळवारचा उपास चालू होता, पण घास उतरत नव्हता इतर दिवशीही.

सोमवारच्या उन्हात अंगणात बसलो होतो. डॉक्टरांनी पेढ्याच्या पायाला व्यायाम दिला, पाय खाली ठेवला आणि त्याच्याकडेच बघत विचारलं, "नवस कसला आहे?"

सगळीकडे हात फिरवून झाला होता तर. आता ते तिथे पोचले होते.

"बाबांना हृदयाचा झटका आला होता," मी म्हटलं. "मी अनवाणी अलीगंजला गेले. मारुतीरायाला म्हटलं, दर मंगळवारी येईन, तेवढे बाबा राहू देत. पायऱ्या उतरले तर हा... रस्त्यावरचा, हडकुळा, माझ्या मागे मागे. आम्ही दोघं इस्पितळात पोचलो, तेव्हा बाबांनी डोळे उघडले होते. तेव्हापासून दोघंच जातो. हा त्यातलाच आहे, असं वाटतं मला. आता... नेलं तर याला दुखतं. नाही नेलं, आणि बाबांना काही झालं तर?"

डोळे भरून आले होते. डॉक्टर हसले नाहीत, की शास्त्र सांगत बसले नाहीत. पेढ्याच्या पाठीवर त्यांचा हात होता, त्याच पाठीवर माझा.

"त्याच्या वाटचं मी चाललो तर?"

"तुम्ही?"

"अनवाणी. दोघं व्हायचे ते होतील. चालेल तुमच्या मारुतीरायाला?"

"त्याला... विचारावं लागेल."

"आणि तुम्हाला?"

मी सतरंजीचा एक दोरा ओढत राहिले. ओढत राहिले.

"किती मंगळवार आहेत असे?" त्यांनी विचारलं.

"बाबा आहेत तोवर."

"मग बाबांना शंभर वर्षं आयुष्य मिळो," ते म्हणाले. अगदी हळू. मलाच पुढे वाकावं लागलं.

निघताना फाटकाशी थांबले. "एक अट आहे. उद्या पेढ्याने जेवलं पाहिजे. ते तुमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुकं. माझी पूजा झाली, पेढ्याच्या ताटलीत दूधपोळी कुस्करली आणि त्याच्याजवळ बसले. तो माझ्या पायांकडे बघत होता. चपला नाहीत, म्हणजे मंगळवार, हे त्याला पक्कं ठाऊक. उठायला लागला.

"नाही रे राजा. तू बस. जेव."

त्याने ताटली हुंगली. मान वळवली. मी हात फिरवत राहिले, घाई न करता... आणि मग दूध लपलप वाजायला लागलं. पेढ्याने ताटली चाटूनपुसून स्वच्छ केली. मंगळवारी!

दारामागून आईने डोळ्यांना पदर लावलेला मी पाहिला.

कपाटातला मफलर घेतला. एवढ्या धुक्यात छावणीतून स्कूटर कोण काढतंय, असं मनाला आधीच समजावून ठेवलं होतं. न आले तर एकटी जाईन, पेढ्या जेवलाय एवढं देवाला सांगेन. मी फाटक उघडलं.

स्कूटर भिंतीला लावलेली होती. हँडलला काळे बूट लोंबत होते, एकात एक मोजे कोंबलेले. आणि थंडीने निळसर पडलेली दोन अनवाणी पावलं धुळीत, एकावर एक घासत...

"जेवला?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. मफलर पुढे केला. त्यांनी तो गळ्याभोवती गुंडाळला, आणि त्याला येणारा आमच्या घरच्या कापराचा वास घेत क्षणभर उभे राहिले.

मग आम्ही अलीगंजच्या वाटेला लागलो.